ऑपरेशनच्या जागी आलेला हर्निया आणि थांबायला सांगणारे डॉक्टर

प्रश्न : डॉक्टर, मी ५४ वर्षांची आहे. अडीच वर्षांपूर्वी आतड्याला भोक पडलं म्हणून रात्रीतून माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जखमेत पू झाला, तीन आठवडे रोज ड्रेसिंग चाललं. गेल्या वर्षी आरशासमोर उभी असताना बेंबीच्या वर, टाक्यांच्या रेषेवर फुगवटा दिसला. आडवी झाले की जातो, खोकला आला की मुठीएवढा होतो. सीटी स्कॅनमध्ये सात सेंटिमीटर रुंदीचा ‘इन्सिजनल हर्निया’, म्हणजे जुन्या ऑपरेशनच्या चिरेतून पोटातलं बाहेर येणं, निघाला. मला डायबेटिस आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणी) ९.४ टक्के आली. वजन ८६ किलो, उंची पाच फूट एक इंच. एक सर्जन म्हणाले, साखर आठच्या खाली आणा, वजन निदान आठ किलो उतरवा, चार महिन्यांनी जाळी घालून ऑपरेशन करू. दुसरे म्हणाले, पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीतून करून टाकू. पहिले डॉक्टर टाळताहेत असं वाटतं. जाळी जन्मभर पोटात राहणार या विचाराने झोप उडाली आहे. पट्टा बांधून, व्यायाम करून भागणार नाही का? घरचे म्हणतात, दीड वर्षाच्या नातवाला सारखी कडेवर घेतेस म्हणून हे झालं. मी त्याला उचलणं सोडलंय. तो हात वर करून समोर उभा राहतो तेव्हा फार वाईट वाटतं.

उत्तर :

ताई,

तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो तुम्हाला आतून खातोय. नातवामुळे तुम्हाला हर्निया झालेला नाही.

पोटाच्या पुढच्या भागात डावीकडचे आणि उजवीकडचे स्नायू असतात. त्यांची चिवट आवरणं मधोमध एकत्र येतात आणि तिथे एक पांढरी, जाड पट्टी तयार होते. तातडीच्या मोठ्या ऑपरेशनात सर्जन बहुतेक वेळा याच पट्टीतून आत जातात, कारण तिथे रक्तस्राव कमी होतो आणि सगळं पोट लवकर दिसतं. काम झालं की ती पट्टी जाड धाग्याने शिवतात आणि वरून कातडी शिवतात. तुम्हाला दिसतो तो व्रण कातडीचा. पोटाला धरून ठेवतो तो सांधा त्याच्या खाली आहे, आणि कातडी छान मिटलेली असताना तो आतला सांधा उसवलेला असू शकतो.

हे उसवणं कधी सुरू होतं? १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशनच्या वेळी त्या पट्टीच्या दोन्ही कडांना धातूच्या बारीक क्लिपा लावल्या आणि नंतर एक्स-रे काढून त्यांच्यातलं अंतर मोजलं. ज्यांच्या कडा पहिल्याच महिन्यात बारा मिलिमीटर किंवा जास्त लांब सरकल्या होत्या, त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांना पुढे हर्निया झाला. म्हणजे फुगवटा दिसतो वर्षा-दोन वर्षांनी, पण त्याची सुरुवात बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच झालेली असते. तुमच्या जखमेत पू होता, रोज ड्रेसिंग चालू होतं, तेच ते आठवडे. तेव्हा तुमच्या नातवाचा जन्मही झालेला नव्हता.

घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगा. निरोगी माणसांच्या पोटातला दाब मोजून पाहिला आहे. नुसतं उभं राहिल्यावर तो पाऱ्याच्या साधारण २० मिलिमीटर असतो, जोरात खोकल्यावर १०० च्या वर जातो. हातांनी बेताचं वजन उचलताना मात्र तो उभं राहण्यापेक्षा फारसा वाढलेला आढळला नाही. तेव्हा दोष द्यायचाच तर पू, वाढलेली साखर, वजन, जुना खोकला, शौचाला कुंथणं यांना द्या. गडबडीत, पोटात घाण पसरलेली असताना करावं लागलेलं ऑपरेशन हे तर मोठंच कारण, आणि त्या रात्री ते केलं नसतं तर तुम्ही आज पत्र लिहायला नसता.

हे हर्निये उघडून दुरुस्त करताना मी एक गोष्ट पुष्कळदा पाहते. जुना निळा धागा एका कडेत गाठीसकट शाबूत असतो. तुटलेला नसतो, सुटलेला नसतो. समोरची कड मात्र त्या धाग्यानेच हळूहळू कापली जाऊन निसटलेली असते. टाका पक्का होता, ज्यात तो घातला ते ऊतक (टिश्यू) कमजोर होतं. आधीचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी नीट शिवलं नसेल का, हा प्रश्न मला दर दुसरा पेशंट विचारतो, म्हणून हे लिहिते आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५६० पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कडेपासून पाच मिलिमीटरवर, पाच-पाच मिलिमीटरच्या अंतराने बारीक टाके घातले तर वर्षभरात १३ टक्के लोकांना हर्निया झाला, आणि एकेक सेंटिमीटरचे मोठे टाके घातले तर २१ टक्क्यांना. टाक्यांच्या पद्धतीने फरक पडतो हे खरंच, आणि ज्यांचं पोटाचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी सर्जनना याबद्दल जरूर विचारावं. पण ही सगळी आधी ठरवून केलेली ऑपरेशनं होती, आणि चांगल्या पद्धतीने शिवूनही शंभरात तेरा जणांना हर्निया झालाच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कोणाचं ऐकायचं? माझं मत स्पष्ट आहे : चार महिने थांबायला सांगणाऱ्यांचं. ते टाळत नाहीत. टाळणारा डॉक्टर ‘बघू पुढे’ म्हणतो. यांनी तुम्हाला साखरेचा आकडा दिला, वजनाचा आकडा दिला, मुदत दिली आणि पुढे काय करणार तेही सांगितलं. तुमचं ऑपरेशन यशस्वी व्हावं म्हणून त्यांनी उपचार आत्ताच सुरू केलेत, फक्त त्यातला पहिला भाग तुमच्या हातात आहे.

असं का, ते सांगते. हर्नियाची पहिली दुरुस्ती ही सगळ्यात चांगली संधी असते. ती फसली तर दुसऱ्या वेळी ऊतक आणखी विरलेलं असतं, आतडी पोटाच्या भिंतीला आणखी चिकटलेली असतात, आणि दर खेपेला हर्निया परत येण्याची शक्यता वाढत जाते. आणि पहिली दुरुस्ती फसण्याचं एक मोठं कारण म्हणजे जखमेतला जंतुसंसर्ग. तुम्हाला एकदा तो झालेला आहे. ९.४ साखरेवर जखम भरायला वेळ लागतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. त्यात तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ३५ च्या थोडा वर आहे. पोटावरची चरबी जाड असली की जखमेत पाणी आणि जंतू साठायला जागा मिळते, आणि पोटाच्या आतली चरबी नव्या सांध्यावर रात्रंदिवस आतून रेटा देत राहते. पू झालेल्या जखमेत जाळी असेल तर प्रकरण फार किचकट होतं, कधीकधी ती जाळी काढून टाकावी लागते. हा धोका चार महिन्यांत कमी करता येतो, आणि ऑपरेशनच्या टेबलावर कितीही कुशल हात असले तरी तो तिथे कमी करता येत नाही.

पुढच्या आठवड्यात करू म्हणणारे डॉक्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी तुमचा साखरेचा रिपोर्ट पाहिला होता का, तुम्ही जुन्या पुवाबद्दल सांगितलं होतं का, हे मला पत्रातून कळत नाही. पण हे सगळं कळूनही ते घाई करत असतील, तर मी माझ्या बहिणीला तिथे पाठवणार नाही.

चार महिन्यांत आठ किलो म्हणजे महिन्याला दोन. उपाशी राहून हे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जखम प्रथिनांवर भरते. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही झिजतात, आणि आपल्याला तर ते स्नायू मधोमध ओढून आणायचे आहेत. आहारतज्ज्ञांना सांगा की मला ऑपरेशनसाठी तयार व्हायचंय, वजन कमी करताना प्रथिनं कमी पडू देऊ नका. साखरेची औषधं डायबेटिसच्या डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या आणि त्यांना तुमच्या सर्जनचा आकडा सांगा. आठच्या खाली, हे ध्येय सगळ्यांना माहीत हवं. ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे पंधरा दिवसांत ती पुन्हा करून निराश होऊ नका. वजन आणि साखर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं कोणी सुचवली आणि तुम्ही घेतलीत, तर ऑपरेशनच्या बऱ्याच आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना सांगा, कारण या इंजेक्शनांनी जठर रिकामं व्हायला उशीर लागतो आणि भूल देताना ते माहीत असणं गरजेचं असतं.

रोज चाला. आधी पंधरा मिनिटं, मग जमेल तसं वाढवा. फुगवट्याला ताण जाणवला तर पट्टा बांधून चाला. दीर्घ श्वासाचे व्यायाम आत्तापासून सुरू करा, कारण मोठा हर्निया आत ढकलून पोट बंद केलं की काही दिवस श्वास थोडा आखडतो. ज्यांची छाती आधीपासून मोकळी असते त्यांना ते दिवस सोपे जातात. खोकला असेल तर त्याचं कारण शोधून घ्या. पोट रोज साफ होतंय ना, कुंथावं लागत नाही ना, हे बघा. लागत असेल तर त्याचं औषध मागताना लाजू नका. तंबाखू तुम्ही घेत असाल असं पत्रावरून वाटत नाही, पण कोणत्याही रूपात घेत असाल तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी ती पूर्ण बंद हवी.

थांबण्यात धोका आहे का? आहे, पण तुमच्या बाबतीत तो लहान आहे. अरुंद तोंडाच्या हर्नियात आतडं अडकण्याची भीती जास्त असते. तुमच्या हर्नियाचं तोंड सात सेंटिमीटर रुंद आहे आणि आडवं झालं की सगळं आपोआप आत जातं, ही चांगली लक्षणं आहेत. तरीही हे पाठ करून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा : फुगवटा अचानक कडक झाला, आडवं होऊनही आत जाईना, दुखू लागला, त्यावरची कातडी लाल किंवा काळपट झाली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणं बंद झालं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. जोर लावून दाबत बसायचं नाही. काही खायचं-प्यायचं नाही आणि त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर हातात काही तासच असतात. तिथे पोचल्यावर चार महिन्यांचा हिशोब संपला, तेव्हा साखर कितीही असो, ऑपरेशन लगेच.

जाळीबद्दलची तुमची भीती मी समजू शकते. शरीरात काहीतरी परकं कायमचं राहणार, हा विचार कोणालाही अस्वस्थ करील. ही जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते, वजनाला अगदी हलकी, बारीक छिद्रांची. तिच्या छिद्रांतून तुमचंच ऊतक वाढतं आणि काही आठवड्यांत जाळी आणि तुम्ही एकजीव होता. कापड जिथे विरलं तिथे नुसतं शिवलं तर पुन्हा टाक्यांजवळ फाटतं, मागून अस्तर लावलं तर ताण वाटला जातो. जाळी म्हणजे ते अस्तर.

आकडेही देते. नेदरलँड्समध्येच २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसते टाके घातलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांचा हर्निया तीन वर्षांत परत आला, जाळी घातलेल्यांपैकी २४ टक्के लोकांचा. त्याच लोकांना दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा हे आकडे ६३ आणि ३२ झाले होते. आणि तिथले हर्निये सहा सेंटिमीटरपर्यंतचेच होते, म्हणजे तुमच्यापेक्षा थोडे लहान. नुसत्या टाक्यांवर तुमचं भागणार नाही, असं मी याच आधारावर म्हणते. जाळीची दुसरी बाजूही तुमच्यापासून लपवणार नाही. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून जास्त पेशंटांची पाच वर्षं नोंद ठेवली, तेव्हा जाळीमुळेच पुढे मोठी गुंतागुंत झालेले लोक उघड्या ऑपरेशनात ५.६ टक्के आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात ३.७ टक्के निघाले. जंतुसंसर्ग, आतडं अडणं, जाळीपासून आतड्याला वाट फुटणं अशा त्या गोष्टी होत्या. म्हणजे जाळी निर्धोक नाही, पण तुमच्या आकाराच्या हर्नियात तिच्याशिवायचा मार्ग जास्त धोक्याचा आहे. आणि तुम्ही कमी केलेली साखर याच धोक्यावर काम करणार आहे.

जाळी कुठे बसवणार, हे मात्र नक्की विचारा. ती स्नायूंच्या वर, कातडीखालच्या चरबीत ठेवता येते. स्नायू आणि त्यांच्या मागच्या आवरणाच्या मधोमध ठेवता येते. किंवा थेट पोटाच्या आत, आतड्यांसमोर. तुमच्यासारख्या हर्नियात मला मधली जागा आवडते, कारण तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, जाळी आतड्याला लागत नाही आणि आतला दाबच तिला जागेवर दाबून धरतो. दुर्बिणीने जखमेतला संसर्ग कमी होतो आणि माणूस लवकर घरी जातो, हा तिचा खरा फायदा आहे. पण तुमच्या पोटात आधी घाण पसरलेली होती, आतडी आतून चिकटलेली असणार, आणि ती सोडवताना इजा होऊ शकते. तेव्हा दुर्बीण की उघडं यापेक्षा मी तीन गोष्टी विचारीन : मधली फट टाक्यांनी मिटवणार की नुसती जाळीने झाकणार, जाळी कोणत्या थरात ठेवणार, आणि आतड्याला इजा झाली तर तुमचा बेत काय. या तिन्ही प्रश्नांना शांतपणे उत्तर देणारा सर्जन निवडा, मग तो कोणत्याही पद्धतीने करो.

पट्ट्याने बरं वाटतं, हर्निया बरा होत नाही. बांधायचा तर आडवं पडून, फुगवटा आत गेल्यावर बांधा, झोपताना सोडा, खालची कातडी रोज तपासा. व्यायामाचंही तसंच. उसवलेला सांधा कोणत्याही व्यायामाने शिवला जात नाही, आणि पाठीवर झोपून धड उचलण्याचे व्यायाम तर तुम्ही आत्ता करूच नका. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू नुसते फाकतात, तिथे भोक नसतं, त्या प्रकाराला व्यायामाचा उपयोग होतो. तो अनुभव सांगणाऱ्या मैत्रिणी तुम्हाला भेटतील, त्या खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा त्रास वेगळा आहे.

ऑपरेशननंतर जाळीभोवती पाणी साठून पुन्हा फुगल्यासारखं दिसू शकतं. घाबरून जाऊ नका, ते बहुधा आपोआप जिरतं. मात्र डॉक्टरांना दाखवा आणि कोणालाही परस्पर सुई घालू देऊ नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्हाला उठवून चालवतील. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची.

आणि नातू. आत्ता, ऑपरेशनआधी, त्याला जमिनीवरून वाकून उचलू नका, एवढंच. तुम्ही खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा आणि त्याला स्वतः चढून मांडीवर येऊ द्या. किंवा कोणीतरी त्याला तुमच्याकडे द्यावं. बसून घेतल्याने तुमच्या पोटाचं काही बिघडणार नाही. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे, हर्निया मोठा असेल तर त्याहून जास्त, तुमचे सर्जन सांगतील तोवर उचलणं बंद. मांडी मात्र पहिल्या काही दिवसांनंतर, पोटाशी उशी ठेवून, त्याला मोकळी ठेवता येईल. आज तो हात वर करून उभा राहिला, तर खाली बसा आणि त्याला बोलवा.